धर्मशाळा, घुसखोर आणि आजोबांचा कागद

(६ डिसेंबर २०२५ रोजी, महापरिनिर्वाण दिनी, दिल्लीत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज सकाळी तुमच्यापैकी बरेच जण २६, अलीपूर रोडला जाऊन आलात. बाबासाहेबांनी अखेरचा श्वास घेतला ती जागा. तिथून थोडं वर यमुनेकडे गेलं की मजनू का टीला लागतो. पाकिस्तानातून आलेले हिंदू निर्वासित तिथं ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं राहतात. आणि उलट्या बाजूला गेलं की लाल किल्ला. गेल्या महिन्यात १० तारखेला संध्याकाळी तिथल्या मेट्रो स्टेशनजवळ गाडीत स्फोट झाला. आजचा माझा विषय या तीन जागांच्या मधोमध आहे. दहशतवादी हल्ला झाला की 'बाहेरचे कोण, त्यांना हाकला' अशी चर्चा सुरू होते. त्या चर्चेत आपण, म्हणजे घरातले पहिले पदवीधर, कुठं उभं राहायचं?

सुरुवात मेलेल्यांपासून करू. कारण आपण ती केली नाही तर समोरचा म्हणतो, तुम्हाला त्यांचं काही नाही. २२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली. त्यांत सहा जण महाराष्ट्राचे होते, तिघं एकट्या डोंबिवलीचे. धर्म विचारून गोळ्या घातल्या. आणि पर्यटकांना वाचवायला गेलेला घोडेवाला, तिथलाच मुसलमान, तोही मेला. लाल किल्ल्याजवळ जे गेले त्यांत टॅक्सी चालवणारा होता, ई-रिक्षावाला होता, बसचा कंडक्टर होता. ही आपली माणसं आहेत. राग आलाच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की तो राग कोणाच्या दारात नेऊन ठेवला गेला.

पहलगामचे तीन हल्लेखोर २८ जुलैला श्रीनगरजवळच्या जंगलात मारले गेले. ते पाकिस्तानी होते असं सरकारनं संसदेत सांगितलं. म्हणजे ते सीमेपलीकडून रायफली घेऊन आले होते. लाल किल्ल्याच्या प्रकरणात तपास यंत्रणांनी ज्यांना पकडलंय त्यांत डॉक्टर आहेत, भारतीय नागरिक आहेत. सगळे कागद शाबूत असलेली माणसं. म्हणून आता प्रत्येक काश्मिरी विद्यार्थ्याकडे संशयानं बघा असं मी म्हणत नाही, तसं बघणं सुरू झालंय आणि ते चूक आहे. मी एवढंच म्हणतोय की या दोन्ही हल्ल्यांचा रोहिणीत भंगार वेचणाऱ्या किंवा गुरुग्राममध्ये कचरा उचलणाऱ्या माणसाशी काही संबंध नाही. तरी उन्हाळ्यापासून दिल्ली परिसरात सगळ्यात आधी उचलला गेला तो हाच माणूस.

आठवून बघा. पहलगामनंतर काही दिवसांत पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. तो दोन देशांमधला विषय होता. पण २ मेला केंद्रीय गृह खात्यानं राज्यांना बांगलादेशी आणि रोहिंग्या शोधण्याबाबत सूचना दिल्या आणि मोहिमेला वेग आला. जुलैमध्ये गुरुग्रामला सामुदायिक सभागृहांत, जिथं एरवी लग्नाच्या पंगती बसतात तिथं, बंगाली बोलणाऱ्या मजुरांना आणून ठेवलं. बहुतेकांना पडताळणीनंतर सोडून द्यावं लागलं. पण तोवर वस्त्या रिकाम्या व्हायला लागल्या होत्या, माणसं गाठोडी बांधून गावाकडं निघाली होती. वसंत कुंजजवळच्या जय हिंद कॅम्पची वीज भर जुलैत तोडली. आणि दिल्लीतल्या एका पोलीस ठाण्यानं कागदपत्रांच्या भाषांतरासाठी बंग भवनाला पत्र लिहिलं, त्यात भाषेचं नाव काय लिहिलं? 'बांगलादेशी भाषा'. तुम्ही तर स्पर्धा परीक्षावाले. ३ ऑक्टोबर २०२४ तुम्हाला पाठ असेल. त्या दिवशी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. त्याच बैठकीत, त्याच निर्णयात बंगालीही होती. तिला वर्षभरात परदेशी ठरवलं गेलं. मराठी वाचली, कारण मराठी सीमेपलीकडं बोलली जात नाही. एवढंच कारण आहे, दुसरं नाही.

आता एका बाईबद्दल सांगतो. तिचं नाव घेत नाही. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातली, रोहिणी भागात भंगार वेचून जगणारं कुटुंब. जूनमध्ये पोलिसांनी तिला, नवऱ्याला आणि लहान मुलाला उचललं. ती गरोदर होती. काही दिवसांत त्यांना सीमेपलीकडं ढकललं. तिकडं बांगलादेशच्या पोलिसांनी घुसखोर म्हणून पकडलं. इकडं घुसखोर, तिकडंही घुसखोर. २६ सप्टेंबरला कलकत्ता उच्च न्यायालयानं ती हद्दपारी रद्द केली. ३० दिवस चौकशी करा असं सरकारचीच सूचना सांगत असताना एवढी घाई कशाची, असं न्यायालयानं विचारलं. तरी दोन महिने गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं तेव्हा केंद्रानं 'मानवतेच्या भूमिकेतून' तिला आणि मुलाला आणू असं सांगितलं. काल संध्याकाळी ती मालदा जिल्ह्यातून आत आली. नवरा आणि बाकीचे अजून पलीकडंच आहेत.

महाराष्ट्रही यातून सुटलेला नाही. जूनमध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या काही बंगाली मजुरांना असंच पलीकडं ढकललं होतं आणि ते भारतीय निघाल्यावर सीमा सुरक्षा दलाला परत आणावं लागलं होतं.

आता माझं सांगतो, कारण दुसऱ्याला बोलणं सोपं असतं.

मी गुरुग्रामला भाड्यानं राहतो. आमच्या इमारतीत मालदा जिल्ह्यातली एक बाई कचरा उचलायला यायची. सगळे तिला 'दीदी' म्हणायचे, मीही. जुलैमध्ये रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला की कामवाल्या, कचरावाले सगळ्यांची आधार कार्डं जमा करा, संशय आला तर कळवा. लगेच अंगठे आले. एकानं लिहिलं, यांची भाषाच सांगते. मी ते वाचलं, उत्तर टाईप केलं आणि पुसून टाकलं. का? कारण माझं आडनाव बघून घरमालकानं आधीच दोनदा विचारलं होतं, 'आप लोग क्या होते हैं?' मला वाटलं, आपण कशाला नजरेत यायचं. चार दिवसांनी दीदी यायची बंद झाली. मग कचरा साठायला लागला आणि ग्रुपवर पुन्हा मेसेज, आता उलटे, की कोणीतरी माणूस शोधा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन वर्षांत मी त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. जिला शोधायचं तिचं नावच माझ्याकडं नव्हतं.

मी गप्प बसलो याची लाज मला दुप्पट आहे, कारण मला हा प्रकार नवा नव्हता. मी कैकाडी. आजोबा टोपल्या विणायचे. माझ्या जात वैधतेचं प्रकरण समितीसमोर गेलं तेव्हा काय मागितलं? २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा. अनुसूचित जातीचे असाल तर १० ऑगस्ट १९५०, आदिवासी असाल तर ६ सप्टेंबर १९५०, ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७. इथं बसलेल्या प्रत्येकाला यातली एक तारीख स्वतःच्या जन्मतारखेसारखी पाठ आहे. आजोबा शाळेत गेले नाहीत, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला नाही. जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाही. वडील पालात जन्मले, जन्माची नोंद कोण करणार? वडील मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जायचे, आणि मी सुट्टी काढून कचेऱ्या पालथ्या घालायचो. शेवटी कागद सापडला तो कुठला? सोलापूरच्या सेटलमेंटचा. गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या, रोज हजेरी द्यावी लागणाऱ्या माणसांच्या यादीत आजोबांचं नाव होतं. इंग्रजांनी त्यांना जन्मानं गुन्हेगार लिहिलं होतं, त्या कागदावर मी वैध ठरलो.

हसू नका. किंवा हसा, मीही हसलो होतो. पण एक गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांनी लिहून घ्या. जात पडताळणीच्या आपल्या २००० सालच्या कायद्यात सिद्ध करायचा भार अर्जदारावर आहे. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यातही तो भार त्याच माणसावर होता, ज्याला पकडलंय. सरकारनं तू परदेशी आहेस हे दाखवायचं नाही, तू दाखवायचं की तू नाहीस. हा कायदा आता गेला, त्याच्या जागी 'इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा, २०२५' आला. १ सप्टेंबरपासून तो लागू आहे. चार जुने कायदे गेले, हे कलम मात्र राहिलं. आणि ध्यानात ठेवा, या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ४ एप्रिलला, पहलगामच्या अठरा दिवस आधी. तो हल्ल्यामुळं आला नाही. हल्ल्यानं फक्त त्यावर प्रश्न विचारणं अवघड केलं.

भार माणसावर टाकला की काय होतं? ज्याच्या तीन पिढ्या शिकल्या त्याच्या कपाटात फाईल असते. ज्याच्या घरात शाळेत जाणारा पहिला माणूस तोच, त्याच्याकडं नसते. म्हणजे कागद मागणं हे वरून सर्वांना सारखं दिसतं, पण ते जातीच्या उतरंडीवरून खाली येतं. सर्वोच्च न्यायालयानंही २०२४ च्या जुलैमध्ये आसामच्या एका प्रकरणात म्हटलं की या कलमाचा अर्थ असा नाही की कुठल्याही माणसाचं दार ठोठावून सिद्ध कर म्हणावं, आधी सरकारच्या हातात काहीतरी आधार हवा. हा निकाल वाचा. परीक्षेसाठी नाही, वस्तीसाठी वाचा.

आता बाबासाहेबांकडं येतो. काही मित्र म्हणतात, बाबासाहेब राष्ट्रवादी होते, ते घुसखोरांच्या बाजूनं बोलले नसते. बरोबर आहे. सीमा नसावी, कोणीही यावं असं बाबासाहेब म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत नागरिकत्वाची कलमं चर्चेला आली तेव्हा काय झालं ते बघा. विरोधात उभे राहिले कोण? अमरावतीचे पंजाबराव देशमुख. आपलेच. अंबादेवीचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून लढलेले, बहुजनांच्या पोरांसाठी विदर्भात शाळा-वसतिगृहं उभारलेले. त्यांचं म्हणणं होतं की आपण नागरिकत्व फार स्वस्त करतोय. प्रवासात मुंबईत उतरलेल्या जोडप्याला इथं मूल झालं तर तेही नागरिक होणार का, असं त्यांनी विचारलं. आणि दुरुस्ती सुचवली की जगात कुठंही राहणारा हिंदू किंवा शीख, दुसऱ्या देशाचा नागरिक नसेल, तर तो भारताचा नागरिक होण्यास पात्र असावा. ती दुरुस्ती मान्य झाली नाही. बाबासाहेबांच्या मसुद्यात जन्म, रहिवास, आईवडील असे निकष राहिले, धर्म आला नाही. आणि पुढचा कायदा संसदेनं करावा असं त्यांनी खुलं ठेवलं. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं, ते लागू झालं दोन महिन्यांनी. पण नागरिकत्वाची कलमं त्याच दिवशी लागू केली. इतकी ती तातडीची होती. कारण लाखो माणसं तेव्हा रस्त्यावर होती.

त्यांत आपलीही होती. पाकिस्तान सरकार अस्पृश्यांना भारतात येऊ देत नाही, कारण साफसफाई कोण करणार, असं डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहून कळवलं. ज्या जोगेंद्रनाथ मंडलांच्या मदतीनं बाबासाहेब १९४६ ला बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले, ते पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० मध्ये राजीनामा देऊन कलकत्त्याला परत आले. त्यांच्यामागून आलेल्या नामशूद्रांना दंडकारण्यात पाठवलं. तिथून काही जण सुंदरबनातल्या मरिचझापीला गेले, तर १९७९ मध्ये डाव्या सरकारच्या पोलिसांनी त्यांची रसद तोडली, गोळीबार केला, त्यांना हुसकावलं. काही कुटुंबं आपल्या गडचिरोलीत, मुलचेरा-चामोर्शीकडं वसली. बंगालमध्ये नामशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्रात नाहीत. मला हे पटकन कळतं. कैकाडी विदर्भाच्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आणि सोलापुरात विमुक्त जातीत. एका राज्यात, एका भाषेत, जिल्हा ओलांडला की आमचं सरकारी नाव बदलतं.

म्हणून निर्वासित हा शब्द ऐकला की आपण 'ते' म्हणू नये. मजनू का टीलाच्या झोपडीत राहणाऱ्याला नागरिकत्व मिळावं असं मला मनापासून वाटतं. पाकिस्तानातून आलेल्यांत भिल्ल आहेत, मेघवाळ आहेत. पण त्याच सप्टेंबरमध्ये निघालेल्या आदेशात तीन देशांतून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चनांना कारवाईतून सूट आहे आणि मुसलमानाला नाही. पंजाबरावांची जी सूचना १९४९ ला नाकारली गेली, ती वेगळ्या रूपात मागच्या दारानं आली. 'बौद्ध' हा शब्द त्यात आहे म्हणून आपण खूश व्हायचं का?

'देश ही काही धर्मशाळा नाही' असं गृहमंत्री मार्चमध्ये लोकसभेत म्हणाले. मे महिन्यात एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयातही तोच शब्द आला. मला धर्मशाळा म्हटलं की गाडगेबाबा आठवतात. पंढरपूरच्या धर्मशाळांत अस्पृश्यांना जागा नव्हती, म्हणून बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढं ती बाबासाहेबांच्या संस्थेकडं सोपवली. आपल्या परंपरेत धर्मशाळा हा हलका शब्द नाही. ज्याला गावात दार उघडत नाही त्याच्यासाठी ती असते. तिलाही नियम असतात. पण भाषा ऐकून, लुंगी बघून, अंधारात उचलून बाहेर फेकणं हा कुठल्याच धर्मशाळेचा नियम नसतो. आणि कोलंबियाची पदवी घेऊन बडोद्याला नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहावं लागलं होतं. लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. हा प्रसंग त्यांनी ज्या टिपणात लिहिलाय त्याचं नाव आहे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. स्वतःच्याच देशातल्या अनुभवांना त्यांनी हे नाव दिलं.

तुमच्यातला एक जण मघाशी चहाला म्हणाला, सर, पण ते आपल्या पोरांच्या पोटावर येतात. हा प्रश्न खोटा नाही. खालच्या कामात खालचीच माणसं एकमेकांशी झुंजतात. पण मजुरी पाडतो कोण? ज्याला कधीही पोलीस उचलतील असा मजूर कंत्राटदाराला हवाच असतो, तो पगार मागत नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कंत्राटदारानं प्रत्येक मजुराला फोटोसह पासबुक द्यायचं होतं. तुमच्यापैकी कोणाच्या बापाला मुकादमानं ते दिलं? ते दिलं असतं तर आज बीरभूमच्या आणि बीडच्या मजुराकडं पुरावा असता. कायदा मोडला मालकानं, शिक्षा मजुराला. आणि गेल्या महिन्यात, २१ नोव्हेंबरला, तो कायदाही नव्या कामगार संहितेत विरघळला.

दहा दिवसांपूर्वी वॉशिंग्टनला एका अफगाण माणसानं दोन सैनिकांवर गोळ्या झाडल्याचा आरोप आहे. लगेच तिथल्या सरकारनं आश्रयाच्या अर्जांवरचे निर्णय थांबवले, गरीब देशांतून येणाऱ्यांना रोखण्याची भाषा सुरू झाली. आता आपल्याकडच्या ज्या घरांतली मुलं तिकडं आहेत ती घाबरलीत. फेब्रुवारीत १०४ भारतीय हातकड्या घालून अमृतसरला उतरवले तेव्हा आपल्याला अपमान वाटला, तो वाटायलाच हवा होता. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या देशाला दंड करू नका, हे आपण तिकडं म्हणतो. इकडंही म्हणू या.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगतो आणि थांबतो. एक, संविधानात कलम १९ नागरिकांसाठी आहे, पण १४ आणि २१ मध्ये शब्द 'व्यक्ती' आहे. पकडलेला माणूस खरंच परदेशी असला तरी त्याला लेखी आदेश, वकील आणि सुनावणी मिळाली पाहिजे. हे पाठ आहे तुम्हाला, आता वापरा. दोन, जवळच्या एका वस्तीत जा. लोकांचे कागद व्यवस्थित लावून द्या, नावाच्या स्पेलिंगमधल्या चुका दुरुस्त करून द्या. आपण हे काम घरातल्यांसाठी केलंय, आपल्याइतकं ते कोणालाच येत नाही. तीन, कुणाला उचललं तर वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर लिहून ठेवा आणि त्याच रात्री वकिलाला कळवा. बीरभूमची बाई परत आली कारण घरच्यांनी न्यायालयाचं दार सोडलं नाही. आणि चार, जी बाई तुमच्या दाराशी येते तिचं नाव विचारा.

मी हे चौथं केलं नाही. माझी चूक तुम्ही करू नका. मागच्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर पुन्हा मेसेज आला, लाल किल्ल्यानंतर नव्यानं पडताळणी करू म्हणून. या वेळी मी पुसलं नाही. दोन ओळी लिहिल्या, की पडताळणी पोलिसांचं काम आहे, भाषेवरून कोणाला काढलं तर मी तक्रार करीन. अंगठा एकाही माणसानं दिला नाही. पण रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या एका वयस्क गृहस्थांनी वेगळा मेसेज करून विचारलं, ती जुनी दीदी परत येईल का? मी म्हटलं, माहीत नाही, तिचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का?

जय भीम.